वाघ मारल्याचे गुण

गेल्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून लाखांदूरला आला, तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' घेऊनच. १९७४ सालचा हा अमेरिकन खेळ. वीस पैलूंचा फासा टाकायचा, राक्षस मारायचे, अनुभवाचे गुण कमवायचे! पोरांनी तळघराचे चुलबंदकाठचे जंगल केले, ड्रॅगनचा वाघ, सरदाराचा गुराखी. नियम मात्र तेच.

एरवी आजी-नातवाचे बोलणे 'जेवलास का?'पुढे सरकत नाही. पण वाती वळता वळता आई म्हणाली, "वाघ मारला त गुन, अन् गाय घरी आनली त काहीच नाही?"

पुतण्या गडबडला. नियमच बदलावा लागला : गुण गाय राखल्याचे.

"आजी, आता फासा तूच टाक."

पडले तीन. गाय नदीपलीकडेच राहिली आणि आमची जेवणे रात्री अकराला झाली.