इन्क्विझिशनचा तास

वसई

प्रिय रीना,



तुझे पत्र पोचले. इतिहासातला गोव्याच्या इन्क्विझिशनचा भाग यंदा कॉलेजात तुझ्याकडे शिकवायला आला आहे. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, कॉलेज कॅथोलिक, तू कॅथोलिक, तेव्हा एका तासात उरकून पुढे जा. दुसरे म्हणतात, तो भाग तू घेऊच नकोस, तू आपल्या लोकांची बाजू घेतेस असे मुलांना वाटेल. दोघेही तुझ्या काळजीपोटी बोलले असतील, पण मला दोघांचेही पटत नाही. तो भाग तूच शिकवायला हवास, आणि पुरता शिकवायला हवास.

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे हे धर्मन्यायासन बसले आणि मधली काही वर्षे सोडली तर थेट १८१२ पर्यंत चालले. त्याची झळ सगळ्यांत जास्त कोणाला बसली हे वर्गात आधी सांग. ज्यांचा बाप्तिस्मा झाला होता पण जुने रीतिरिवाज सुटले नव्हते, अशा नवख्रिस्ती घरांना. १७३६ चे फर्मान पाहा. दारात तुळस लावायची नाही, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालायची नाही. भात शिजवणारी बाई गुन्हेगार ठरत होती, आणि ती बाई ख्रिस्ती होती. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत आपला मुलूखही त्याच पोर्तुगीज अमलात होता. म्हणजे हा इतिहास कुणा परक्यांचा नाही, आपल्या खापरपणज्यांचा आहे. तू त्यांची नात म्हणून तो शिकवलास तर पक्षपात कसा होईल? आणि न शिकवणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा गप्प करणे नाही का?

पुस्तके भरवशाची घे. अनंत काकबा प्रियोळकरांचे इंग्रजी पुस्तक १९६१ चे आहे. मराठीच्या या थोर संशोधकाने पोर्तुगीज कागद किती कष्टाने पाहिले, ते मुलांना कळू दे. डेलॉन या फ्रेंच वैद्याने स्वतः भोगलेल्या तुरुंगवासाची हकीगत १६८७ मध्ये छापली. तोही कॅथोलिकच होता, हे सांगायला विसरू नकोस. गोव्यातली मूळ दप्तरे बहुतेक नष्ट झाली आहेत, म्हणून आकड्यांबाबत काटेकोर राहा. फोनवर फिरणारे आकडे आणि कागदांतून निघणारे आकडे वेगळे करून दाखव. कुणी फुगवून सांगितले तर त्याला पुरावा विचार, कुणी झाकून सांगितले तर त्यालाही विचार.

त्याच तासाला फादर स्टीफन्सही आण. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेला हा इंग्रज जेझुइट आपली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले. आणि १६८४ मध्ये त्याच मुलखात व्हाइसरॉयने लोकांनी आपली भाषा सोडावी असा हुकूम काढला. एकाच क्रुसाखाली हे दोन्ही घडले. मुलांना दोन्ही दिसले पाहिजे.

आता तुझी खरी भीती. कॉलेजच्या कॅथोलिक ओळखीला यामुळे धक्का लागेल का, असे तू विचारतेस. चर्च स्वतः काय म्हणते ते पाहा. १५ ऑगस्ट १९९० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथोलिक विद्यापीठांसाठी ‘एक्स कोर्दे एक्लेसिए’ हे विधान काढले. सत्याचा निर्भय शोध हे अशा विद्यापीठाचे कामच आहे, असा त्याचा गाभा आहे. याच पोपनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये चर्चच्या लेकरांच्या हातून झालेल्या पापांची जाहीर क्षमा मागितली, आणि सत्याच्या नावाखाली केलेली जबरदस्ती त्यात होती. पोप क्षमा मागतात तिथे प्राध्यापिकेने धडा वगळायचा, हे मला अजिबात समजत नाही. धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांना चर्चच्या अधिकाऱ्याची अनुज्ञा लागते हे खरे. १९८६ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅथोलिक विद्यापीठातल्या फादर चार्ल्स करन यांना कॅथोलिक धर्मशास्त्र शिकवण्यास अपात्र ठरवले गेले. पण ते बंधन धर्मशास्त्राचे आहे. इतिहासाच्या तुझ्या तासाला ते लागू नाही.

त्या विधानातली एक गोष्ट मात्र मला आपल्या देशापुरती अव्यवहार्य वाटते. अध्यापकांत कॅथोलिकेतरांचे बहुमत होऊ देऊ नये, असे त्यात आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सगळे ख्रिस्ती मिळून एक टक्काही भरत नाहीत. आपल्या कॉलेजांत गणित, मराठी, रसायनशास्त्र शिकवणारे बहुतेक हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत. ते पाहुणे नाहीत, कॉलेज त्यांच्यावर उभे आहे. सर्व शिक्षकांना संस्थेची ओळख नेमणुकीच्या वेळीच सांगावी आणि त्यांनी निदान तिचा आदर राखावा, हा त्याच विधानातला दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. व्यवस्थापनाने हे पहिल्या दिवशी समोर बसवून, स्पष्ट शब्दांत सांगावे. नाहीतर स्थापनादिनाच्या मिस्साला यायचे की नाही यावर कुजबुज चालते आणि चांगली माणसे दुखावतात.

अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क घटनेच्या तिसाव्या कलमाने दिला. १९७४ मध्ये अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो उचलून धरला. हा हक्क कशासाठी वापरायचा, हे मात्र न्यायालय ठरवत नाही. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर आहेत. त्यांच्या मुलामुलींना आपल्या कॉलेजांत जागा आणि नोकऱ्या किती मिळतात, यावरून मी त्या हक्काची किंमत करतो. भिंतीवरचा क्रूस पाहून करत नाही.

तुझा धर्म वर्गाला कळू द्यावा का? कळू दे, त्यात लपवण्यासारखे काही नाही. आपल्या परंपरेत त्याची फार मोठी उदाहरणे आहेत. फादर हेनरी हेरास १९२२ मध्ये स्पेनहून मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आले. भारताचा इतिहास त्यांना येत नव्हता. तो ते इथे येऊन शिकले, विजयनगरच्या उत्तरकाळावर मोठा ग्रंथ लिहिला, १९२६ मध्ये संशोधन संस्था उभारली. सिंधू लिपीचा त्यांनी लावलेला अर्थ विद्वानांनी स्वीकारला नाही, पण त्यांची निष्ठा कुणी नाकारली नाही. फादर सांतापाव खंडाळ्याच्या घाटात झाडे गोळा करत हिंडले आणि पुढे बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक झाले. आणि फादर कामिल बुल्के! बेल्जियमचा इंजिनिअर, रांचीच्या सेंट झेवियर्समध्ये हिंदी आणि संस्कृतचा प्राध्यापक, आणि आयुष्यभराचा अभ्यास रामकथेचा. प्रबंध त्यांनी अलाहाबादला हिंदीत लिहिला आणि तो १९५० मध्ये छापला गेला. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.  त्यांच्या विद्यार्थ्यांना ते ख्रिस्ती आहेत हे माहीत होते आणि रामकथा त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नाही हेही माहीत होते. विद्वत्ता खरी असली की धर्म कळल्याने काही बिघडत नाही.

एवढे लक्षात ठेव, वर्गातली मुले तुझ्यासमोर अडकलेली असतात, त्यांना उठून जाता येत नाही. त्यांच्यापुढे प्रार्थनेचा आग्रह नको, धर्माची तुलना नको. अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय उपासनेत सामील करता येत नाही, हे घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमातच आहे. विचारले तर उत्तर दे, मोकळेपणाने दे.

या भागाला एक तास पुरणार नाही, निदान तीन ठेव. शेवटचा तास प्रश्नांसाठी राखून ठेव आणि त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना त्या दिवशी वर्गात बसायला बोलाव.

तुझा,
काका