ब्राह्मीच्या दोन ओळी

बीसीएला डेटाबेस हा विषय मला सोपा गेला होता. विद्यार्थ्यांचं टेबल, मार्कांचं टेबल, दोन्हीकडं रोल नंबर, लावा जॉईन. शाहूपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात लागले तेव्हा कामही तसलंच वाटलं. औषधांच्या होलसेल व्यापाऱ्यांकडं व्हिटॅमिनच्या गोळ्या, प्रोटीन पावडरी, जडीबुटीच्या कॅप्सूल येतात. प्रत्येकाची एक्सेल वेगळी. "सगळ्या जोड, डुप्लिकेट काढून टाक, आणि कुठल्या डब्यात काय आहे ते एका ठिकाणी दिसू दे," दादा म्हणाले. दादा म्हणजे आमचे साहेब, पण त्यांना साहेब कुणी म्हणत नाही.

मी रोल नंबर शोधायला लागले. डब्यावर ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी बारकोड असतो, पण तो पॅकचा. तीच गोळी ३० च्या डब्यात आली की बारकोड एक, ६० च्या डब्यात आली की दुसरा. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर परवान्याचा. आतल्या घटकाला कसलाच नंबर नाही. पाकिटावर ४१६००१ लिहिलंय आणि शाहूपुरीतली कितवी गल्ली तेच लिहिलेलं नाही, अशी गत. पोस्टमननं करायचं काय?

मग नावावरूनच जोडायचं ठरलं, आणि पहिला फटका कॅल्शियमनं दिला. एका डब्यावर 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ', दुसऱ्यावर 'कॅल्शियम ५०० मिग्रॅ'. मला वाटलं, पहिला अडीच पट दमदार. कार्बोनेटमध्ये कॅल्शियम साधारण ४० टक्केच असतं, म्हणजे दोन्ही डबे सारखेच! व्हिटॅमिन डी कुणी मायक्रोग्रॅममध्ये लिहितं, कुणी आययूमध्ये. तिथं निदान हिशेब सरळ आहे, ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम. व्हिटॅमिन ईचं तसं नाही. नैसर्गिक असेल तर १ आययू म्हणजे ०.६७ मिग्रॅ, कारखान्यात केलेलं असेल तर ०.४५. आणि नैसर्गिक की कृत्रिम, हे डब्यावर 'डी' आणि 'डीएल' एवढ्याच अक्षरांच्या फरकानं कळतं. टायपिंग करणाऱ्यानं ती अक्षरं फालतू समजून उडवली असली की संपलंच.

तरी हे सगळं गणित. गणिताला फॉर्म्युला लावता येतो. ब्राह्मीला कुठला लावणार?

एका यादीत 'ब्राह्मी', दुसऱ्यात 'बॅकोपा मोनिएरी', तिसऱ्यात 'सेंटेला'. दादांच्या ओळखीचे वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त सर अधूनमधून चहाला येतात. त्यांना विचारलं तर त्यांनी मला लक्ष्मीपुरीत काष्ठौषधीच्या दुकानात पाठवलं. "ब्राह्मी माग आणि पान बघ." पान निघालं गोल, बेडकाच्या पावलासारखं. सर हसले. "हा कारिवणा. ग्रंथात ही मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. आयुर्वेदिक फार्माकोपियात ब्राह्मी म्हणजे बॅकोपा, तिचं पान बारकं आणि मांसल. आपल्याकडं दोन्हींना ब्राह्मीच म्हणतात. शंखपुष्पीचं तर विचारूच नकोस, केरळात त्या नावानं गोकर्ण वापरतात." आणि उलटंही आहेच. जुन्या पुस्तकातली 'हायड्रोकोटाइल एशियाटिका' आणि आजची सेंटेला ही एकच वनस्पती. नावानं वेगळी ती एक, नावानं एक ती वेगळी.

अश्वगंधेचं झाड एकच, तरी भांडण आहेच. मुळाची पूड ३०० मिग्रॅ आणि मुळाचा अर्क ३०० मिग्रॅ एका ओळीत बसत नाहीत. पानांचं तर वेगळंच. पानं वापरू नका अशी सूचना आयुष मंत्रालयानं २०२१ साली काढली होती. म्हणून मी एका नावाच्या रकान्याचे चार केले: वनस्पती, भाग, रूप, प्रमाणित घटक. नंतर कळलं की मी काही शोध लावलेला नव्हता. अमेरिकेच्या एफडीएकडं पदार्थांना युनी नावाचा दहा अक्षर-आकड्यांचा कोड असतो, आणि त्यात झाडाचं मूळ वेगळा पदार्थ धरता येतो. आपल्या २०१६ च्या न्यूट्रास्युटिकल नियमांच्या परिशिष्टातही वनस्पती शास्त्रीय नावानं दिल्या आहेत.

अमेरिकेतल्या दोन याद्यांनी मात्र माझं डोकं खरं उघडलं. एकीत, डीएसएलडीत, लेबलवर छापलेलं जसंच्या तसं उतरवतात. दुसरीत, डीएसआयडीत, प्रयोगशाळेत गोळ्या तपासून आत खरंच किती निघालं त्याचा अंदाज देतात. दोन्ही आकडे जुळत नाहीत. त्यात लबाडीच असते असं नाही. डबा पडून राहिला की काही व्हिटॅमिनं कमी होतात, म्हणून कंपन्या आधीच थोडं जास्त घालतात. म्हणजे 'लेबलवर' आणि 'तपासणीत' हे वेगळे रकाने हवेत. मिनेसोटा विद्यापीठातल्या लोकांनी डीएसएलडीसकट चार स्रोत जोडून आयडिस्क नावाचा संग्रह केला. त्यावरचा शोधनिबंध २०२० चा आहे. तो वाचून मला मोठा धीर आला. एवढ्या मोठ्या लोकांनाही 'हे तेच आहे का?' इथंच अडायला होतं.

दादांना माझी यादी वाढत चाललेली बघवत नाही. डुप्लिकेट काढायला बसवलेल्या पोरीनं ब्राह्मीच्या एका ओळीच्या दोन केल्या, आणि नुसतं 'ब्राह्मी' लिहिलेल्या डब्यांसाठी 'ठरलेलं नाही' अशी तिसरी घातली. माझं म्हणणं एवढंच की न जुळलेली ओळ व्यापाऱ्याला फोन करून नंतरही जुळवता येते. चुकीची जुळवलेली कुणी परत उघडून बघतच नाही.

सध्या वाद प्री-वर्कआउटच्या आयात डब्यांवरून चालू आहे. तालमी सोडून जिमला लागलेली पोरं ही पावडर नेतात. लेबलवर 'प्रोप्रायटरी ब्लेंड', एकूण वजन आणि खाली कॅफिनसारख्या घटकांची नुसती नावं, जास्तीकडून कमीकडं. कशात किती, ते गुपित. दादा म्हणतात, "प्रमाणाच्या रकान्यात शून्य टाक, सॉफ्टवेअर रिकामं घेत नाही." कॅफिनसमोर शून्य मी टाकणार नाही. सॉफ्टवेअर आमचंच आहे, रिकामं घ्यायला त्याला आम्हीच शिकवू, असं मी त्यांना सांगितलंय. ते म्हणाले, सोमवारी बघू.