खरड छाटणीचे दिवस

प्रकल्पाची तासिका सुरू झाली की पहिली दहा मिनिटं वर्गात काहीच होत नाही, असं व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटतं. आत मात्र राज्यं उलथत असतात. बाकं ओढली जातात, गट पडतात, पडलेले गट फुटतात. गटप्रमुखासाठी मतदान होतं आणि निकाल कुणालाच मान्य नसतो. "मॅडम, हा नुसता बसलाय." "मॅडम, ही मला रंगवूच देत नाही." "मॅडम, आमची पट्टी त्या गटात गेली." कार्डपेपरचा मधला भाग कुणीतरी होडी करायला केव्हाच कापून नेलेला असतो. या गदारोळात टेबलाशी उभं राहून शांत चेहऱ्याने "मग आता काय करायचं, तुम्हीच ठरवा," एवढंच म्हणणं हे शिक्षकाच्या नोकरीतलं सर्वांत कष्टाचं काम आहे. बाहेरून ते आळसासारखं दिसतं.

मी मांजरीत सहावी-सातवीला शिकवते. मांजरी बुद्रुक 2021 साली पुणे महापालिकेत आलं, पण ते पुरतं शहर झालेलं नाही आणि पुरतं गावही उरलेलं नाही. एकीकडे उसावर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, दुसरीकडे टोलेजंग सोसायट्या, मधून सोलापूरकडे धावणारी रेल्वे. त्यामुळे वर्गही तसाच. एका बाकावर पिढ्यान्‌पिढ्या इथली शेती असलेल्या घरातली मुलगी, शेजारी मराठवाड्यातून कामासाठी आलेल्या कुटुंबातला मुलगा, मागे उत्तर प्रदेशातून आलेल्या गवंड्याचा मुलगा. पाच जणांच्या गटात तीन तऱ्हांची मराठी आणि एक हिंदी सहज निघते. या पाच जणांनी मिळून एक तक्ता करायचा असतो.

एका वर्षी विषय होता 'आपली नदी'. पुण्यात संगमावर एकत्र झालेली मुळा-मुठा मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्द यांच्यामधून वाहते आणि पुढे रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. एवढं पुस्तकी ज्ञान सगळ्यांनी पाच मिनिटांत उतरवून घेतलं. मग चित्राची वेळ आली. एका गटातल्या मुलींनी सवयीने निळा रंग काढला. काठावर नारळाची झाडंही आली, कारण चित्रातल्या नदीकाठी नारळ असतोच. तेवढ्यात सहसा तोंड न उघडणारा गवंड्याचा मुलगा म्हणाला, "पण आपली नदी तो हिरवी आहे ना." सगळे हसले. तो गप्प झाला, पण त्याने निळा खडू काही सोडला नाही.

त्या क्षणी मी अर्ध्या मिनिटात निकाल देऊ शकले असते. जलपर्णी, सांडपाणी, प्रदूषण, सगळं फळ्यावर मांडून झालं असतं. मी फक्त विचारलं, "हिरवी का दिसते?" आणि थांबले. ते थांबणं फार लांबलं. कुणीतरी म्हणालं शेवाळ, कुणी म्हणालं सावली. मग त्या मुलाने सांगितलं, की पाण्यावर पानं असतात, पुलावरून बघितलं तर मैदान वाटतं, आणि पावसाळ्यात ती सगळी वाहून जातात तेव्हा पाणी चहासारखं होतं. बाकीचे आता हसत नव्हते. एका मुलीने घरी आजीला विचारायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती सांगत आली, की आजी लहानपणी याच पाण्यात पोहायला शिकली होती. गटाने निळ्यावर हिरवा फासला, मग तपकिरी फासला, आणि इतक्या थरांनी कागद भिजून फाटला. मागून ठिगळ लावून तो तक्ता भिंतीवर लागला. नारळाची झाडं मात्र तशीच राहिली. त्यावर तडजोड झाली नाही.

अशा थांबण्याचा अभ्यास झालेला आहे. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांतल्या संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकून 1974 साली मांडलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं, की मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प असणारीही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला किती थोडे! गोंगाट करणाऱ्या सातवीसमोर ते मोजून पाहावेत.

त्यातून हिशेबही आडवा येतो. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो, आणि तासिका असते पस्तीस-चाळीस मिनिटांची. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट. धीर वाटायचा कसा, हा शिक्षकासमोरचा व्यवहारी प्रश्न आहे. त्याला नुसता गोड स्वभाव पुरत नाही, युक्त्या लागतात. एका गटात चार चित्रकार बसवायचे नाहीत. तक्रार आली की आधी ती गटातच परत पाठवायची. शेवटची पाच मिनिटं आवरायला राखून ठेवायची. आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला चारचौघांत कधी बोलायचं नाही, कारण या वयात शरमिंदा झालेला मुलगा महिनाभर मान वर करत नाही. त्याला बाजूला घेऊन सांगितलेलं तो ऐकतो. धीर म्हणजे सगळं चालवून घेणं नव्हे. ठरलेल्या दिवशी काम द्यायचंच असतं, आणि नुसता बसलेला मुलगा उठेपर्यंत त्याच्या बाकाशी उभं राहायचं असतं.

हा सगळा खटाटोप नवा नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकने प्रकल्प पद्धतीवरचा आपला गाजलेला निबंध 1918 साली लिहिला. वर्ध्याला 1937 साली गांधीजींनी हातांच्या कामातून शिक्षण द्यायचा आग्रह धरला. आपल्या राज्यात 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्प जाऊन बसला. इथवर ठीक होतं. पण गुण आले तशी बाजारपेठही आली. आता स्टेशनरीच्या दुकानात ज्वालामुखीपासून किल्ल्यापर्यंत सगळे प्रकल्प तयार मिळतात. जे मिळत नाहीत ते रात्री अकरा वाजता आई-बाबा करतात. सकाळी मूल ती वस्तू दोन्ही हातांत सांभाळत आणतं, आणि "हे कसं केलंस?" विचारलं की वर्गाच्या छताकडे पाहतं.

मुलांच्या हातातली कात्री घेण्याचा मोह शिक्षकालाही कमी नसतो. वाकडं कापलेलं बघवत नाही. तपासणीला साहेब येणार असले तर मुळीच बघवत नाही. अशा वेळी मला आमच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची आठवण येते. आपल्याकडे द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर बागेत दिसतात ती फक्त काड्या आणि पानं. माणसं शेंडे खुडतात, पाणी मोजून देतात, आणि फळ म्हणाल तर एक मणी नसतो. पण त्याच उन्हाळ्यात काडीच्या डोळ्यात सूक्ष्मघड तयार होत असतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वेलीवर किती घड दिसणार, ते तेव्हाच ठरून गेलेलं असतं. सहावी-सातवी ही खरड छाटणीची वर्षं आहेत. नदीला हिरवी म्हणणाऱ्या त्या मुलाच्या डोळ्यात काय धरलं हे मला दिसणार नाही. दिसेल तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या वर्गात असेल, आणि त्याचं कौतुक दुसरंच कुणी करील. शिक्षकाच्या धीराला पगारात जागा नाही ती यामुळेच. त्याचं पीक त्याच्या खळ्यावर येत नाही.

म्हणून पालकांना एक विनंती. या आठवड्यात तुमच्या घरी प्रकल्प आला असेल, तर कात्री मुलाच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारी बसा. त्याने विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर चहा प्या. अक्षर तिरकं आलं, डिंक सांडला, नदी भलत्याच रंगाची झाली, तरी तसाच प्रकल्प शाळेत पाठवा. मुलाचा हात कोणता आणि बाबांचा कोणता, हे आम्हाला लांबून ओळखू येतं. गुण आम्ही मुलाच्या हातालाच देतो.