उजेडाची पाटी

जीवदानीच्या डोंगराखाली, फुलपाड्यात आमचे बिऱ्हाड. शेजारच्या काकू वसईची सुकेळी करतात; राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, ही त्यांची विद्या. गेल्या वर्षी त्यांनी मुंबईच्या एका प्रदर्शनात गाळा घेतला. भाड्यापायी पाटल्या गहाण पडल्या. पाटीचा मजकूर अर्थातच माझ्याकडे! कादंबरीकार ना मी; चांगल्या बारा ओळी लिहिल्या. गाळा कोपऱ्यात, अंधारात. पहिल्या दिवशी त्या ओळी कुणी वाचल्या नाहीत. काकू म्हणाल्या, “मास्तर, तुमचं अक्षर सुंदर हो, पण दिसतं कुणाला?”

रात्री त्यांच्या मुलाने लाकडी चौकट ठोकली, आत एलईडीची पट्टी बसवली, पुढे पातळ पांढरे कापड ताणून त्यावर ठसठशीत दोनच शब्द रंगवले: ‘वसईची सुकेळी’. पाकिटांमागेही एक दिवा ठेवला. दुसऱ्या दिवशी सुकेळी मधासारखी झळकली नि माणसे थबकू लागली. अर्थात उजेड नुसता बोलावतो. पिशवी भरते ती चव घेतल्यावर. दिवाळीपूर्वी पाटल्या सुटून आल्या.

माझ्या बारा ओळी वहीतच आहेत. यंदा आकाशकंदील टांगताना मनात आले, हीसुद्धा पाटीच की! आणि तिच्यावर एक अक्षरही नाही.