टालाचा पिको

लुआस या ट्रामच्या लाल मार्गाचा शेवट टालाला होतो. डब्लिनच्या या टोकाला आम्ही राहायला आलो, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे टी-शर्ट घातलेली माणसं लेकराबाळांसह घरावरून जाताना दिसायची. आयर्लंडची फुटबॉल लीग उन्हाळ्यात चालते, सामने बहुतेक शुक्रवारी रात्री. एकदा मुलीला घेऊन मीही इथल्या शॅमरॉक रोव्हर्स क्लबच्या मैदानावर गेले. तिचं लक्ष गोल मारणाऱ्यांकडे होतं, माझं मागच्या फळीत उभ्या असलेल्या रॉबर्टो लोपेसकडे. त्याला सगळे पिको म्हणतात.

चेंडू मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला असतानाही तो गप्प उभा नसतो. हात वर करून डावीकडच्याला आत बोलावतो, स्वतः दोन पावलं मागे सरकतो, मान वळवून पाठीमागे कोण आहे ते बघतो. मग लांबून चेंडू येतो तेव्हा तो आधीच तिथे असतो, आणि डोक्यानं चेंडू परतवून लावतो. टाळ्या फारशा पडत नाहीत. मला तेच बघायला आवडू लागलं. घसरत जाऊन शेवटच्या क्षणी चेंडू काढणारा बचावपटू लोकांना आवडतो. तशी वेळच येऊ न देणारा माझ्या मते मोठा.

पिको 1992 साली डब्लिनमध्ये जन्मला, क्रमलिनचा. आई आयरिश, वडील केप व्हर्द या आफ्रिकी देशाचे. आधी बोहेमियन्स क्लबकडून खेळायचा तेव्हा बँकेत गृहकर्जाचं कामही करायचा. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी सराव. 2017 च्या मोसमासाठी रोव्हर्सनं बोलावलं तेव्हा त्यानं बँक सोडली. बोहेमियन्स आणि रोव्हर्सचं हाडवैर आहे, त्यामुळे ते सोपं नसणारच.

पुढच्या वर्षी केप व्हर्दच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकानं लिंक्डइनवर त्याला पोर्तुगीजमध्ये संदेश धाडला. पिकोला ती जाहिरातबाजी वाटली. काही महिन्यांनी पुन्हा विचारणा झाली, तेव्हा कुठे उलगडा झाला. ऑक्टोबर 2019 मध्ये टोगोविरुद्ध तो वडिलांच्या देशाकडून पहिल्यांदा खेळला. इकडे रोव्हर्सनं 2020 पासून लागोपाठ 4 वेळा लीग जिंकली.

पिकोची ही गोष्ट ऐकली की मला क्रिकेटपटू अमोल मुझुमदार आठवतो. रणजी पदार्पणात 260 धावा, प्रथम श्रेणीत 11 हजारांहून जास्त, तरी भारताची कॅप मिळाली नाही. वर्षानुवर्षं इमानानं खेळत राहणाऱ्यांना दार उघडेलच असं नसतं, म्हणून पिकोचं उघडलं याचा मला इतका आनंद होतो.

2024 च्या आफ्रिकी चषकात केप व्हर्दनं घानाला 2-1 असं हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे दक्षिण आफ्रिकेनं पेनल्टींवर बाहेर काढलं. मग 13 ऑक्टोबर 2025 ला, राजधानी प्राया इथे, एस्वातिनीवर 3-0 असा विजय मिळवून जेमतेम 5 लाख वस्तीचा हा देश विश्वचषकाला पात्र ठरला. पोर्तुगालपासून स्वतंत्र झाल्याला त्याच वर्षी 50 वर्षं झाली होती.

आमच्या भागात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. आपल्या घरचाच मुलगा चालला आहे अशा थाटात शेजारच्या आजी मला ती बातमी सांगत होत्या, आणि मीही ती पहिल्यांदाच कळल्यासारखी ऐकून घेतली.