आजीच्या भिशीचे पैसे

आजी गेली तेव्हा तिच्या वसईच्या घरातल्या कपाटात माझ्या नावाचं एक पाकीट निघालं. आत 25,000 रुपये. भिशीतून साठवलेले. बाबा म्हणाले, "तुझे आहेत. काय करायचं ते तूच ठरव."

मी साहित्याची विद्यार्थिनी. बाँड म्हटलं की मला जेम्सच आठवायचा. त्यातच एक फोन आला, "मॅडम, तीन महिन्यांत पैसे दुप्पट!" आपल्या इंदूरला असे फोन नवे नाहीत. सेबीने इथल्या कितीतरी सल्लागार कंपन्यांवर कारवाई केली आहे. खात्रीशीर नफ्याचं आश्वासन नोंदणीकृत सल्लागारालाही देता येत नाही. पण हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी 3,000 रुपये 'फी' भरून मोकळी झाले. दोन दिवसांनी नंबर बंद.

घरी सांगायची हिंमत होईना. उरलेले 22,000 पुस्तकांमागे लपवले. रविवारी मिस्साला बसले असताना मत्तयच्या शुभवर्तमानातला तो तिसरा चाकर आठवला, धन्याचे पैसे भीतीने जमिनीत पुरून ठेवणारा. धन्याचं म्हणणं होतं की निदान सावकाराकडे तरी ठेवायचे. त्या दिवशी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आजीला भिशीतल्या बाराही बायका नावानिशी ठाऊक होत्या. तू पैसे दिलेस कोणाला?"

मला उत्तर देता आलं नाही. पण गुंतवणूक समजून घ्यायला तोच प्रश्न कामी आला. एक वही केली आणि रकाने आखले: कोणाला, कशासाठी, किती काळ, बुडाले तर?

एफडी म्हणजे आपण बँकेला दिलेलं कर्ज. बँक बुडालीच तर 5 लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पीपीएफ सरकारकडे, 15 वर्षांसाठी. म्हणजे तोवर मी 36 ची! शेअर म्हणजे कंपनीत भागीदारी. कंपनी घसरली की आपणही घसरलो. म्युच्युअल फंडात अनेकांचे पैसे अनेक ठिकाणी लावतात. त्यात धोका वाटला जातो, संपत नाही. सराफ्यातल्या दागिन्याची मजुरी विकताना परत मिळत नाही.

आणि बाँड? फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्या इंदूर महापालिकेने ग्रीन बाँड काढून लोकांकडून 244 कोटी रुपये उभे केले. एका बाँडची दर्शनी किंमत 1,000 रुपये, व्याज 8.25 टक्के. पैसे कशाला? नर्मदेचं पाणी शहरापर्यंत चढवायला लागणाऱ्या विजेसाठी खरगोन जिल्ह्यात 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प. म्हणजे लोकांनी स्वतःच्या नळालाच कर्ज दिलं की! हे वाचलं आणि 'बाँड' शब्दाची भीती गेली.

आता 15,000 ची एफडी केली आहे, 2,000 पीपीएफमध्ये टाकलेत, उरलेल्या 5,000 मधून महिना 500 ची एसआयपी चालू आहे. कमाई अजून सांगण्याजोगी नाही.

वहीतली पहिली ओळ मात्र मी खोडलेली नाही. रक्कम: 3,000. कोणाला: माहीत नाही.