पेडणे-डिचोलीची न्हाणीघरे

गोमंतकाचा प्रवास करून आलेली मंडळी मंगेशी-शांतादुर्गेच्या दीपमाळांचे, कळंगुटच्या वाळूचे आणि जुन्या गोव्यातील चर्चांचे वर्णन मोठ्या हौसेने करतात. परंतु तेथील घरांच्या मागल्या अंगाला असलेल्या न्हाणीचे वर्णन कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. पाहुण्याला मुद्दाम दाखवावी अशी ती जागा नव्हे, हे खरे. तरीही एखाद्या प्रदेशातील माणसे पाण्याशी कशी वागतात, हे दिवाणखान्यापेक्षा न्हाणीघरातच अधिक कळते. गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत हिंडताना आम्हांला याचा प्रत्यय आला. आता आपल्यापैकी कित्येकांच्या घरी गरम पाण्यात बसून स्नान करण्याचे टब येऊ लागले आहेत. म्हणून त्या जुन्या न्हाणीतील चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात असे वाटले.

सावंतवाडीहून बांदा ओलांडले की पत्रादेवीपाशी पेडणे तालुका लागतो. दोडामार्गाच्या बाजूने गेले की डिचोली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे मुलूख पोर्तुगिजांच्या हाती गेले, म्हणून गोव्याच्या इतिहासात त्यांची गणना ‘नव्या काबिजादी’त होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पेडण्याची कोकणी मालवणीला इतकी जवळची आहे, की एक कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते हे आमच्यासारख्या बाहेरच्याला सांगता येत नाही. आणि देवळांतील भजन तर मराठीच. इंदूर, बडोदे, हैदराबाद, तंजावर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना ही भूमी प्रथमदर्शनीच ओळखीची वाटते.

येथे पाण्याचे कौतुक पावलोपावली दिसते. जांभ्या दगडाच्या सड्यावर पडलेला पाऊस आत मुरतो आणि पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर येतो. हरवळ्यास रुद्रेश्वराशेजारी धबधबा कोसळतो. मये येथे डोंगरांच्या कुशीत तळे आहे. हरमलला तर खाऱ्या समुद्रापासून अगदी थोड्या अंतरावर गोड्या पाण्याचे तळे आहे. नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली करविला. त्याच नार्व्याला पंचगंगेच्या तीरावर गोकुळाष्टमीस स्नानासाठी लोक जमतात. स्नान म्हणजे नुसते अंग धुणे नव्हे, तर कोणत्याही शुभकार्याची पहिली पायरी, ही भावना या मातीत खोल रुजलेली आहे.

तीच भावना घरातल्या न्हाणीत उतरलेली दिसते. जुन्या घरांत न्हाणी मागच्या बाजूस, विहिरीच्या वाटेवर असते. जांभ्याच्या चिऱ्यांचा कठडा, एका कोपऱ्यात चूल आणि त्या चुलीत मातीने पक्के बसवलेले ‘भाण’. भाण म्हणजे पोटाला रुंद आणि तोंडाला अरुंद असे तांब्याचे मोठे भांडे. आपल्याकडील बंबाच्या आधीच्या पिढीतला हा हंडाच म्हणा ना! खाली वाळलेल्या झावळ्या, नारळाची सोडणे, करवंट्या असे बागेतलेच जळण. पाणी कढत झाले की बादलीत आधी गार पाणी घ्यावयाचे, मग भाणातले ओतावयाचे, हाताने ढवळून पाहावयाचे आणि तांब्याने अंगावर घ्यावयाचे. न्हाणीतून निघालेले सांडपाणी पाटाने थेट माडाच्या आळ्यात किंवा केळी-अळूच्या वाफ्यात जाते. पेडणे तालुक्यातील एका घरी वयोवृद्ध आजींना आम्ही याविषयी विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “पाणी अंगावरून गेले की माणसाचे काम संपले, पुढे ते माडाचे.”

नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी या न्हाणीचे रूप पालटते. भाण चिंच लावून लखलखीत घासतात, न्हाणी सारवून किंवा धुऊन स्वच्छ करतात, कित्येक घरांत भाणाला झेंडूची माळ घालतात आणि रात्रीच पाणी भरून ठेवतात. पहाटे गावोगाव नरकासुराच्या प्रतिमा जाळल्या जातात. मग घरोघर तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान होते आणि तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले जाते. त्यानंतर नाना प्रकारच्या पोह्यांचा फराळ. वर्षातून एकदा का होईना, पाणी ज्या भांड्यात तापते ते भांडे आणि ज्या जागेत माणूस न्हातो ती जागा, दोन्ही आधी स्वच्छ व्हावयाची आणि मगच माणसाने न्हावयाचे, असा हा क्रम आहे.

या व्यवस्थेचे आंधळे गुणगान आम्ही करणार नाही. भाणाखालचा धूर पिढ्यान्‌पिढ्या घरच्या स्त्रियांच्या डोळ्यांत आणि छातीत गेला. विहिरीचे पाणी शेंदून भाण भरण्याचे कष्टही बहुधा त्यांच्याच वाट्याला आले. शिवाय, कढत पाण्याशेजारी खेळणारे मूल ही काळजीची बाब होतीच. त्यामुळे गावोगाव आता गिझर आले, याचा खेद करण्याचे कारण नाही. परंतु त्या न्हाणीत एक गोष्ट निःसंशय चांगली होती. एकाच्या अंगावरचे पाणी दुसऱ्याच्या अंगाला लागत नसे आणि वापरलेले पाणी घरात साठून राहत नसे. स्वच्छतेचे अर्धे काम या दोन गोष्टींनीच होत असे.

आता टबाकडे वळू. पेडणे तालुक्याचा किनारा, म्हणजे मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल, गेल्या काही दशकांत पार बदलला आहे. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली, तेव्हापासून तर बंगले आणि अतिथिगृहे यांत भर पडतच आहे. त्यांपैकी कित्येक ठिकाणी गरम पाण्याचा, बुडबुडे सोडणारा टब असतो. हौशी मंडळी तो पाहून येतात आणि आपल्या घरीही तसाच बसवून घेतात. यात वाईट काही नाही. जपानी कुटुंबांत गरम पाण्यात बसून शीण घालवण्याची रीत फार जुनी आहे आणि घरातील सर्वजण एकामागून एक त्याच पाण्यात बसतात. मात्र प्रत्येकजण आधी बाहेर साबणाने स्वच्छ अंग धुतो आणि मगच टबात उतरतो. तेथे टब मळ काढण्यासाठी नसतो, विसाव्यासाठी असतो. आपल्याकडे टब आला, पण ही रीत त्याच्याबरोबर आली नाही.

तिची आवश्यकता किती आहे, हे एका घटनेवरून कळेल. १९९९ साली नेदरलँड्समधील बोवेनकार्स्पेल या गावी फुलांचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे विक्रीसाठी मांडलेल्या गरम पाण्याच्या टबात लेजिओनेला नावाचे जंतू वाढले. त्या टबात कोणी स्नानही केले नव्हते. केवळ त्यातून उडणारे तुषार श्वासावाटे आत गेल्याने अनेकांना न्यूमोनिया झाला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. कोमट पाणी हे या जंतूंचे आवडते घर. सुमारे २५ ते ४५ अंश सेल्सियस तापमानात ते झपाट्याने वाढतात, आणि आपल्याला सुखकर वाटणारे टबाचे पाणी नेमके तेवढेच ऊन असते.

म्हणून घरी टब असणाऱ्यांनी प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. दर वेळी भरून दर वेळी रिकामा करावयाचा साधा टब हा स्वभावाने भाणाच्या जवळचा आहे. तो वापरानंतर घासून, धुऊन कोरडा ठेवला की पुरे. परंतु पाणी दिवसेंदिवस तसेच ठेवून पुन्हा पुन्हा तापवावयाचा टब ही वेगळी वस्तू आहे. त्या पाण्यात क्लोरीन लिटरला किमान ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७ ते ७.८ यांच्या दरम्यान असावा लागतो. तपासणीच्या कागदी पट्ट्या बाजारात मिळतात. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येक वेळी ती पट्टी बुडवून पाहावी. पाणी गढूळ दिसले, कडा बुळबुळीत लागल्या किंवा औषधाचा उग्र दर्प आला, तर उतरू नये. उग्र दर्प म्हणजे स्वच्छता, असा समज आहे. वस्तुतः क्लोरीन घाम-मळाशी झुंजून थकल्याची ती खूण असते. दोन निरनिराळी रसायने एकत्र मिसळू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो. गाळणी आणि नळ्या उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत साफ कराव्यात, कारण जंतूंचा बुळबुळीत थर तेथेच धरतो.

आपल्या घरांना विशेष सांगावयाचे ते तेलाविषयी. अभ्यंगाचे तेल आणि उटणे टबात जाऊ देऊ नये. तेलाने टब निसरडा होतो, क्लोरीन व्यर्थ खर्ची पडते आणि उटण्याच्या कणांनी गाळणी बुजते. दिवाळीच्या पहाटे तेल-उटणे लावून बादलीतल्या पाण्याने यथासांग न्हावे. मग हवे तर टबात बसावे. परंपरा आणि टब यांचे भांडण असण्याचे कारण नाही, क्रम तेवढा सांभाळावा.

ऊन किती असावे? ४० अंशांच्या वर मुळीच नको आणि हाताच्या अंदाजापेक्षा तापमापक बरा. दहा-पंधरा मिनिटे बसणे पुरेसे आहे. फार वेळ बसून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून घेरी येते. वडीलधाऱ्यांनी तर कठड्याला धरून, सावकाश आणि कोणी जवळ असतानाच उठावे. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्यावाचून उतरू नये. मद्य घेऊन तर कोणीच नाही. पाच वर्षांखालील मुलांना अशा टबात बसवू नये, मोठ्या मुलांजवळ माणूस असावे आणि वापर नसताना टबावर झाकण लावून कुलूप घालावे. भाजण्याच्या बाबतीत आपण फार निष्काळजी असतो. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते; लहान मुलाची त्याहूनही लवकर. आधी गार, मग गरम, ही न्हाणीतली रीत म्हणूनच टबालाही लावावी.

पाणी तापवण्याच्या साधनांकडेही दुर्लक्ष नको. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू राहिल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास ना रंग. स्नानास गेलेले माणूस बाहेरच येत नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. असा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. विजेच्या साधनांना अर्थिंग आणि ई.एल.सी.बी. हा गळती होताच वीज तोडणारा स्विच अवश्य असावा. धुराला कंटाळून भाण सोडले, त्या जागी न दिसणारा धूर आणून बसवू नये.

शेवटी प्रश्न उरतो तो पाण्याचाच. बादलीभर स्नानाला वीस लिटर पाणी लागते, साध्या टबाला दीड-दोनशे, आणि चौघांच्या मोठ्या टबाला हजार लिटरही पुरत नाहीत. पेडणे-डिचोलीला मुबलक पाऊस पडतो, तरीही उन्हाळ्यात या भागाला तिळारीच्या पाण्याचा आधार घ्यावा लागतो. लईराई देवीमुळे प्रसिद्ध असलेल्या शिरगावात खाणींतील पाण्याच्या उपशाने विहिरी आटल्याची तक्रार गावकऱ्यांनी उच्च न्यायालयापर्यंत नेली होती. ज्या भूमीत झरी आणि तळी देवाच्या नावाने राखली गेली, तेथेही पाणी गृहीत धरता येत नाही. मग आपल्या शहरांची कथा काय? टबातले पाणी औषध न घातलेले असेल तर थेट, आणि क्लोरीनचे असेल तर ते एक-दोन दिवस उघड्यावर राहू देऊन, झाडांना घालावे.

टब कोणत्या कारखान्याचा आणि केवढ्याचा, याची चौकशी आपण नेहमीच करतो. त्याआधी दोन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवू. या पाण्यात उतरण्यापूर्वी आपण स्वच्छ झालो आहोत का? आणि आपण बाहेर आल्यावर हे पाणी कोठे जाणार आहे? पेडणे-डिचोलीच्या न्हाणीघरांत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. ती चिऱ्यांच्या पाटात आणि माडाच्या आळ्यात आहेत.